पोस्टमध्ये भर पडत नाही

दिवसभर लोकांसाठी दात बसवायचे आणि जेवणाच्या सुट्टीत लोकांच्या चुका उपटायच्या, असा तिचा शिरस्ता होता. ती कवळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला होती. कारखाना म्हणायचं आपलं. एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्या, मेणाचा वास, सगळ्यावर बसलेली प्लास्टरची पांढरी धूळ आणि खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलेले, कुणाचे कोण जाणे, पण कायम हसणारे जबडे. त्या जबड्यांसमोर बसून ती डबा खायची आणि एका हाताने मोबाइलवर न्यायनिवाडा करायची.

न्यायनिवाडा कुंड्यांतल्या झाडांचा. तशी एक साइट होती. कुणाच्या झाडाची पानं पिवळी पडली, कुणाची मुळं कुजली, की तो तिथे येऊन प्रश्न विचारी. ज्याला कळतं तो उत्तर लिही, आणि आपल्याला त्याहून जास्त कळतं असं ज्याला वाटे तो त्या उत्तरात दुरुस्ती सुचवी. अशी दुरुस्ती लगेच लागत नसे. ती रांगेत जाऊन बसे, आणि रांगेतली एकेक उचलून मंजूर किंवा नामंजूर करायला तिच्यासारखे तपासनीस असत. पगार शून्य, मान बेताचा, शिव्या मात्र पोटभर. तरी ती हे काम वर्षानुवर्षं करत होती. घरी गेल्यावर कुलूप स्वतःच उघडायचं आणि दिवाही स्वतःच लावायचा, अशा माणसाला दिवसातून एकदा तरी कुणीतरी आपलं मत विचारलेलं बरं वाटतं.

साइटवर तिचं नाव होतं चिमटा. हे नाव मुळात आईने ठेवलेलं. लहानपणी गच्चीतल्या कुंड्यांवरचं वाळकं पान ती नखांत धरून असं टचकन तोडायची, की आई म्हणायची, "आला आमचा चिमटा." साइटवरच्या लोकांना मात्र वाटे, हे नाव स्वभावावरून पडलं असणार. त्यांचंही फार चुकत नव्हतं.

तिचा खास राग लिंकांवर. चांगली लिंक कशाला म्हणतात हे ती नव्या तपासनिसांना शिकवायची. उत्तरात कुणी लिहिलं की अमुक पाण्याने मावा मरतो, तर ते कुठे तपासलं गेलंय हे दाखवणारी लिंक हवी. अवघड शब्द आला तर तो उलगडून सांगणारी लिंक चालेल. पण 'पाणी' या शब्दाखाली पाण्याची लिंक देणारेही महाभाग असतात. वाचणारा बिचारा बोट लावतो आणि कुठल्या कुठे जाऊन पडतो. "लिंक उघडा, वाचा, मग स्वतःला विचारा, ही काढली तर पोस्टचं काही बिघडेल का?" हा तिचा धडा. त्यातलं उघडणं आणि वाचणं तिने स्वतः कधीच सोडून दिलं होतं. पत्ता बघितला की मला वास येतो, असं तिचं म्हणणं. ज्याचा हात कामावर फार बसतो त्याचे डोळे हळूहळू रजेवर जातात, हे तिच्या कारखान्यातही चालायचं. पण तिथे निदान दात चुकला तर गिऱ्हाईक ओरडत यायचं.

थंडी सरता सरता रांगेत एक नवमाळी आला. ज्याने अजून नाव घेतलेलं नाही अशा प्रत्येकाला साइट नवमाळी म्हणते आणि पुढे आकडा चिकटवते. या गृहस्थाने 'कुंडी सकाळच्या उन्हात ठेवा' या वाक्यातल्या 'उन्हात'ला लिंक लावली होती. पत्ता म्हणजे नुसते आकडे आणि तिरप्या रेघा. तोंडातला घास संपायच्या आत तिने नामंजूर केलं आणि कारणाच्या चौकटीत तयार वाक्य टाकलं: लिंकने पोस्टमध्ये भर पडत नाही. खाली आपोआप तिचं नाव उमटलं.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस आणि तीच लिंक, या वेळी 'वाऱ्यापासून जपा' यातल्या वाऱ्याला लावलेली. सोबतच्या शेऱ्यात एकच शब्द होता: 'बरं.'

तिने पुन्हा नामंजूर केलं. मग तो 'गारव्या'वर आला. मग 'सावली'वर. प्रत्येक वेळी तीच लिंक. आता तिलाही चेव चढला. तयार वाक्य सोडून ती स्वतःचं लिहायला लागली. 'ऊन म्हणजे काय हे वाचणाऱ्यांना माहीत असतं.' 'एकच लिंक सगळीकडे लावली म्हणून ती शहाणी होत नाही.' यावर पुढच्या दुरुस्तीत त्याचा शेरा: 'समजलं. आणखी एक पाहावी.' एकदा तर त्याने कहर केला. शेऱ्यात लिहिलं, 'आज इथे वारा बरा आहे.' तिने उत्तर ठोकलं, 'शेऱ्यात गप्पा नकोत.' यावर पुढल्या दिवशी पुन्हा तेच. 'बरं.'

हे सगळं ती कारखान्यात रंगवून सांगायची. "आमच्या नवमाळ्याने आज कुठला शब्द धरला विचारा," म्हणायची आणि चक्कीवर कवळीचे दात घासता घासता सगळे हसायचे. गंमत अशी की एखाद्या दुपारी तो आला नाही, तर तिलाच चुकल्यासारखं व्हायचं. हे मात्र तिने कुणाला सांगितलं नाही.

साइटचा एक नियम होता. एखाद्याच्या फार दुरुस्त्या नामंजूर झाल्या की शेवटची एक संधी उरलेली असताना साइट दोन तपासनिसांचं मत मागते. दोघंही नाही म्हणाले की त्याचं दार बंद, वर्षभर त्याला काही सुचवता येत नाही. नवमाळ्याची ती वेळ आली, आणि दुसरं मत द्यायला बाई आल्या. या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, लांबच्या कुठल्याशा गावी राहणाऱ्या. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण फोनवर बोलायच्या, आणि बाईंचं बोलणं अजून फळ्यासमोर उभं असल्यासारखं होतं.

"मी नामंजूर दिलंय," बाई म्हणाल्या. "आता तुझं मत राहिलं. पण आधी एक सांग. लिंक उघडलीस का?"

"हो," ती म्हणाली.

"उघडलीस?"

"हो म्हटलं ना बाई."

"मग बरंय," म्हणून बाईंनी फोन ठेवला. पण त्यांनी असा ठेवला, की गृहपाठ न करता वही मिटून बसलेल्या पोरीसारखं तिला झालं. डबा बाजूला सरकवून तिने त्या आकड्यांच्या पत्त्यावर बोट ठेवलं.

पान उघडायला वेळ लागला. वर सकाळ, दुपार, संध्याकाळ असे रकाने आणि त्यांत तापमान, वारा, हवेतला ओलावा. खाली एक छायाचित्र, थोड्या थोड्या वेळाने आपोआप बदलणारं. एक गच्ची. गच्चीच्या मध्ये तापमापक ठेवायची झडपांची पांढरी पेटी, पाऊस मोजायचं नळकांडं, दांडीवर फिरणाऱ्या, वारा मोजायच्या वाट्या. कठड्याला लागून कुंड्या. आणि पेटीच्या शेजारी वेताची एक खुर्ची, जिच्या उजव्या हाताचा वेत सुटला होता आणि निळ्या सुतळीने बांधलेला होता.

ती सुतळी तिनेच बांधली होती. आई त्या खुर्चीत बसून 'घट्ट बांध गं' म्हणत होती.

तिचे बाबा हवामान खात्यात होते. खात्याचं एक छोटं केंद्र त्यांच्याच गच्चीवर होतं. पुढे खात्याने ते बंद केलं, बाबांनी नाही केलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, ठरलेल्या वेळी ते वर जायचे, वाकून काच बघायचे आणि आकडा लिहायचे. लग्न असो, ताप असो, घरात पाहुणे असोत. आई म्हणायची, "मला सवत आहे, पण गुणी आहे हो. गच्चीवरच राहते, खाली येत नाही." लहानपणी एकदा बाबांनी तिला वर पाठवलं, तर ती जिन्यातच बसून राहिली आणि मनाने एक आकडा सांगितला. बाबा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "बघून ये. मग सांग." ती गेली, बघून आली, आणि तिने सांगितलेला आकडा योगायोगाने बरोबर निघाला. तरी बाबांनी तो आधीचा खोडून नवा लिहिला. दोन्ही सारखेच होते.

त्याच आकड्यांपायी पुढे सगळं तुटलं. आईच्या शेवटच्या संध्याकाळी श्वास उखडायला लागला, तशी तिने जिन्याच्या तळाशी उभं राहून हाक मारली होती. वरून उत्तर आलं, "आलोच, आकडा घेतो." ते आले, पण आई त्यांच्यासाठी थांबली नाही. दिवस-कार्य संपल्यावर सामान बांधताना ती म्हणाली, "तुम्ही आकडेच घेत बसा. मला फोन करू नका." आणि हा माणूस असा, की कागदावर लिहिलेलं आणि तोंडाने सांगितलेलं, दोन्ही अक्षरशः पाळायचा. त्यांनी फोन केला नाही. पहिल्या वर्षी तिला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या वर्षी फोन वाजला की ती धावत जायची. त्यानंतरची वर्षं तिने कशी काढली ते तिचं तिला माहीत. आपण घातलेली बंदी समोरच्याने एकदा तरी मोडावी, एवढीच तिची इच्छा होती, आणि ती मोडायचं त्यांना सुचत नव्हतं.

तिने बाईंना परत फोन लावला.

"बाई, मघाशी खोटं बोलले. आत्ता उघडली."

"माहीत होतं मला. काय आहे तिथे?"

"आमची गच्ची आहे." मग तिने सगळं सांगितलं, आईचं, जिन्याचं, फोनचं.

"आता मी सांगते ते ऐक," बाई म्हणाल्या. "त्यांच्या दोन दुरुस्त्या मीही नामंजूर केल्या होत्या. माझ्यावर त्यांनी चकार शब्द लिहिला नाही. 'बरं' लिहायचे ते फक्त तुझ्यावर. आणि वेळा बघ जरा. सकाळी रांगेत मी असते, तर एकदोनदा सोडलं तर ते सकाळी पाठवतच नाहीत. दुपारी, तू जेवायला बसतेस तेव्हाच. तुझ्या निकालांवर वेळ छापलेली असते ना? त्यावरून टिपलं असणार. तुझं ते चिमटा नाव त्यांना माहीत आहे का?"

"आईने ठेवलेलं आहे ते."

"मग लिंक मंजूर व्हावी म्हणून नाही पाठवत गं ते. तू नाही म्हणावंस म्हणून पाठवतात. खाली तुझं नाव येतं."

ती खिडकीतल्या जबड्यांकडे बघत राहिली. 'एकच लिंक सगळीकडे लावली म्हणून ती शहाणी होत नाही.' 'शेऱ्यात गप्पा नकोत.' इतक्या वर्षांनी तिने बापाला लिहिलेली वाक्यं ही होती.

"मी माझं मत फिरवू का?" बाईंनी विचारलं. "एकदा डोळेझाक केली तर आभाळ कोसळत नाही. दार उघडं राहील त्यांचं."

तिला फार वाटलं की हो म्हणावं. आलेली दुरुस्ती होती 'माती कोरडी झाली की पाणी घाला' या वाक्यातल्या 'कोरडी' शब्दावरची. कुणा अनोळखी माणसाने तिथे बोट लावलं असतं आणि एका म्हाताऱ्याची गच्ची बघून चक्रावला असता. लिंक काढली तर पोस्टचं काहीही बिघडणार नव्हतं.

"नको," ती म्हणाली. "न बघता नाही म्हटलं ते त्यांनी पचवलं. बघून खोटं हो म्हटलं तर त्यांना कळेल, आणि ते नाही पचणार. मला दोन दिवस द्या."

रविवारी ती घरी होती. सकाळपासून तिने ते पान उघडं ठेवलं आणि स्वयंपाक, धुणं, झाडू सगळं त्याच्या आजूबाजूने केलं. चित्र बदलायचं तेव्हा ती हातातलं टाकून यायची. बाबा आले, सकाळचा आकडा घेऊन गेले. दुपारी पुन्हा आले. चित्र चालतं नव्हतं, त्यामुळे ते एकदा दारात दिसले आणि एकदम पेटीपाशी, मधलं चालणं दिसलंच नाही. पाठ वाकली होती. पूर्वी ते काच बघायला वाकायचे, आता वाकायची गरज नव्हती, इतके ते मुळातच वाकलेले होते. केसांना कात्री लागून महिने झाले असावेत. सदऱ्याची बटणं एक घर चुकलेली. हे सांगायला तिथे कुणी नव्हतं. वाटलं, आता उठावं, हात घालावा मोबाइलच्या काचेत आणि बटण नीट लावून द्यावं.

आणि आईचं मोगऱ्यासारखं पांढऱ्या फुलांचं झाड त्यांनी जगवलं होतं. फक्त कुंडी चुकीच्या जागी होती. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि ते झाड तिला अगदी खेटून होतं, कडेची पानं करपून तपकिरी झालेली चित्रातही दिसत होती. आई ती कुंडी उन्हाळा लागला की हातभर पुढे ओढायची. बाबांना तापमान कळत होतं, झाड कळत नव्हतं.

तिने रांग उघडली आणि नामंजूर दाबलं. कारणाच्या चौकटीत लिहिलं:

'लिंक उघडून पाहिली. दिवसभर पाहिली. पोस्टमध्ये भर पडत नाही. बाबा, आईची कुंडी भिंतीपासून पुढे ओढा, पानं करपताहेत. फोन करू नका म्हटलं होतं ते मी मागे घेते.'

पाठवलं. साइटने कळवलं की या सदस्याचं दार आता बंद झालं आहे. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की दार बंद झालेल्या माणसाला कारण वाचता येतं की नाही हे आपण कधी विचारलंच नाही. इतक्या लोकांची दारं बंद केली आणि आत त्यांना काय दिसतं हे माहीत नाही. बाईंना फोन लावला तर त्यांचा लागेना.

मग ती चित्रासमोर ठाण मांडून बसली. कुंडी भिंतीला. पुढच्या चित्रात कुंडी भिंतीला. त्याच्या पुढच्यातही. ऊन उतरलं, खुर्चीची सावली लांब होऊन कठड्यावर चढली, तरी कुंडी जिथल्या तिथे. संध्याकाळच्या आकड्याची वेळ झाली आणि बाबा वर आले. कुंडीकडे त्यांनी ढुंकून बघितलेलं दिसत नव्हतं. ते सरळ पेटीकडे आले, आणि चित्र तिथे थांबलं, त्यांचा हात पेटीच्या दाराकडे जाताना.

तिने घरचा नंबर लावला. बोटांना तो पाठ होता. तो फोन खालच्या खोलीत, जिन्याच्या तळाशी असायचा, जिथे उभं राहून तिने त्या दिवशी हाक मारली होती. या वेळेला त्यांना कुणी खाली बोलावून आणल्याचं तिला आठवत नव्हतं. घंटा वाजत राहिली. फोन ठेवून थोड्या वेळाने परत लावावा, असा विचार तिने केला आणि तरी धरून राहिली. वाजता वाजता आता तुटणारच, असं वाटलं तेव्हा कुणीतरी उचलला. आधी नुसती धाप ऐकू आली.

"हॅलो."

"बाबा, मी."

"कळलं. वाजला तेव्हाच वाटलं."

"जिना धावत उतरलात?"

"नाही. कठडा धरून आलो."

"पडला असतात म्हणजे? आणि आकडा? घेतलात का आकडा?"

"राहू दे आकडा," बाबा म्हणाले.

त्यांची बोलण्याची सवय मोडली असावी, कारण ते घसा खाकरत राहिले.

"मी दुपारी तुमची लिंक नामंजूर केली," शेवटी ती म्हणाली. "तुमचं दार बंद झालंय तिथे. तुम्हाला वाचता आलं का, मी काय लिहिलंय?"

"अजून बघितलं नाही. संध्याकाळचा आकडा घेऊन खाली आलो की मग बघतो तुझं आलेलं. रोज. आधी बघितलं तर संपून जातं."

"वाईट लिहायचे मी."

"लांबलचक लिहायचीस," बाबा म्हणाले. "सुरुवातीला एकच ओळ असायची. नंतर नंतर बरंच." मग त्यांनी विचारलं, "या खेपेला बघून लिहिलंस?"

"बघून लिहिलं."

"आणि नामंजूरच?"

"नामंजूरच, बाबा. त्या पोस्टमध्ये काहीही भर पडत नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि ते हसले हे तिला ऐकू आलं. मग सदऱ्याच्या बटणांचं, केसांचं, कुंडीचं सगळं एका दमात तिच्या तोंडून बाहेर पडलं. ते ऐकत होते. कुंडी आत्ता जाऊन सरकवतो म्हणाले, आणि लगेच म्हणाले, आत्ता नाही, तू बोल.

बोलता बोलता तिच्यासमोरचं पान बदललं. चित्रात गच्चीवर कुणी नव्हतं. पांढऱ्या पेटीचं दार सताड उघडं राहिलं होतं आणि पेन्सिल खुर्चीत पडली होती. वर, संध्याकाळच्या रकान्यात आकडा नव्हता.